बारा पॉइंट तीन

बदनापूर
९ डिसेंबर २०२४

चि. शीतल,

इकडे सगळं बराबर. आईचा गुडघा तसाच.

या हातांनी काय काय केलं ते एकदा लिहून ठेवतो. नऊशेच्या वर मोटारींचं वायंडिंग केलं. तुझं अभ्यासाचं टेबल केलं, त्याचा एकही पाय हलत नाही. भंगारातल्या तीन कॉम्प्युटरांचा एक केला. आणि कुणाच्या शिकवणीविना अकराशे बेचाळीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. बेरिलियम-अकराचं अणुकेंद्र शिशावर आदळलं, की त्याच्यापासून लांब, सैल फिरणारा एक न्यूट्रॉन कसा सुटतो, ते तो सांगतो. निदान मी लोकांना तसं सांगितलं.

जालन्याला शिक्षकांच्या बैठकीत मला प्रोग्रॅम दाखवायला बोलावलं, तेव्हा ग्राफ पडद्यावर होता. प्रयोगातले ठिपके आणि माझी रेघ, केसाइतका फरक नाही. तू मागच्या खुर्चीवरून विचारलंस, "अप्पा, शिशापासूनचं कमीत कमी अंतर तेरा पॉइंट नऊ फेम्टोमीटरच का धरलं?"

मी म्हणालो, "दोन वर्षं पुण्याला शिकायला काय राह्यली, बापाची परीक्षा घ्यायला लागली का?"

लोक हसले. तू संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. सव्वीस दिवस झाले, फोन नाही.

याआधी दोन पत्रं लिहून फाडली. दोन्हीत चूक तुझी होती.

दोन्ही केंद्रांच्या आकारावरून अंतर बारा पॉइंट तीन यायला पाहिजे. ते धरलं की रेघ ठिपक्यांच्या वर जाते. शिशाच्या विजेच्या धक्क्यानं होणारी फूट आणि प्रत्यक्ष टकरीनं होणारी फूट मी वेगवेगळी काढून बेरीज केली. पण दोन्ही एकाच वेळी घडतात, एकमेकांना कमीही करतात. हे मला एप्रिलपासून माहीत आहे. तेव्हापासून दोन्ही एकत्र मांडून राह्यलो, जमत नाही. प्रोग्रॅम अडकतो, नाहीतर भलताच आकडा देतो. डोकं फुटायची वेळ आली. मंग अंतरच सरकवत गेलो, ठिपके जुळेपर्यंत. फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्याला मी दुकानातून हाकलून देतो, आणि मी काय केलं?

तुला ते गणित येत असेल तर सुट्टीत ये. मी वही घेऊन बसेन.

सगळ्यांदेखत तुला गप्प करणारा,
अप्पा

ता. क. कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणारे राधेश्यामशेठ काल दुकानावर आल्ते. प्रोग्रॅम आहे तसाच विकत पाहिजे म्हणाले. चूक सांगितली, तर म्हणे, "रेघ जुळती ना, बस झालं." मी नाही म्हणालो. आईला वाटतं, माझा ताठा. तिला रक्कम सांगितलेली नाही. एक लाख ऐंशी हजार.