निपलचं भोक

मारेगाव, बुधवार, फेब्रुवारी १९६१

हे सारं माझ्या हातचं: सायकलच्या भोंग्याचा फुगा काचेच्या नरसाळ्याला बसवून केलेला दूध काढायचा पंप, बाटली उभी ठेवायची लाकडी घोडी आणि रबरी निपलला तापल्या सुईनं पाडलेलं भोक. पंप आणि घोडी चोख झाली. भोक मोठं झालं.

बाळंतपणाला आलेली आमची शांता पाजून पाजून थकली होती. पंपानं काढलेलं दूध तिच्या आईनं बाटलीनं पाजलं, शांता दुपारभर झोपली आणि मी घरभर मिरवलो. आता नातू अंगावर पीतच नाही. बाटलीत धार आयती येते, मग तो चोखेल काहून? सुई जास्त तापली, की मलाच घाई झाली?

संध्याकाळी शांता म्हणाली, "बाबा, त्याले मी नकोशी झाली का?"

तिची आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भोंगा सायकलीवरच बरा होता. कायले पायजे होती एवढी हुशारी?"

नव्या निपलला बारीक भोक पाडलं. तरी पोरगं छातीशी नेलं की रडतं.

त्यातच पंपाचं ऐकून दवाखान्यातला कंपाउंडर आला, असे दहा पंप करून मागत होता. नातू आईच्या अंगावर पिईपर्यंत दुसरा करणार नाही, असं सांगून त्याला परत पाठवलं. नगाला पंधरा रुपये देत होता.