परसातला दयाळ

पलूस, मंगळवार, संध्याकाळ

आज कानाचं मशीन लावून पहिल्यांदाच परसात बसलो. तोफखान्यातल्या नोकरीत कान गेले ते गेलेच. कावळा ऐकू यायचा, बारीक आवाज नाही. सुमन रोज संध्याकाळी चहा आणून विचारायची, "आवं, दयाळ गातोय, ऐकताय न्हवं?" मी म्हणायचो, "व्हय, लय गोड." दर वेळी खोटं. का बोलायचो? तिचा आनंद मोडू नये म्हणून, की आपला कमीपणा कबूल करायला नको म्हणून?

आज तो खरंच ऐकला. एवढासा काळा-पांढरा पक्षी, शेपटी उभारून शीळ घालत होता. शीळ वर चढायची, थांबायची, पुन्हा निराळीच निघायची. चहा हातातच निवला. अजून ती शीळ कानात आहे.

शेवटी सुमनला खरं सांगून टाकलं. ती हसली. "म्हाईत हाय मला. त्यो शेवग्यावर गायचा आन् तुमी पेरूकडं बघून मान डोलवायचा."

"मग रोज इचारायचीस कशाला?"

"तेवढा वेळ तरी तुमी माझ्यापाशी निवांत बसायचा की."