काहून नाही, ‘का’ म्हण

सर, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडणं लोकांना हसू येण्यासारखं वाटेल. पण मी कालपासून चिडलोय, आणि राग अजून उतरत नाहीये.

काल नातीच्या शाळेत पालकांची सभा होती. नागपूरहून मानसशास्त्राच्या एक मॅडम आल्या होत्या, कुतूहलावर बोलायला. म्हटलं, चहा घेऊन सटकू. पण त्यांनी एक प्रयोग सांगितला. माणसांना प्रश्न देतात, उत्तराची किती ओढ आहे ते विचारतात आणि मुद्दाम थोडं थांबायला लावतात. त्या थांबण्यात एक अनोळखी चेहरा दाखवतात, ज्याचा प्रश्नाशी काही संबंध नसतो. नंतर तपासलं तर ज्या प्रश्नाची ओढ जास्त, त्याचं उत्तर पक्कं लक्षात राहिलेलं असतं. आणि मधला तो चेहराही, फुकटात. मॅडम म्हणाल्या, “मन तेव्हा सताड उघडं असतं, समोर येईल ते आत जातं.” सगळे हसले. मला तुमचा चेहरा दिसला.

सातवीचा वर्ग, थंडीचे दिवस. मी विहिरीवर आंघोळ करून आलोय, अंगात त्या पाण्याची ऊब अजून आहे. हात वर करतो. “सर, हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट काहून रायते?” तुम्ही खडू ठेवता. ओठाला सुपारीचा कण, स्वेटरची उसवलेली बाही. “काहून नाही. ‘का’ म्हण.” वर्ग हसतो. “सर, का रायते?” “रायते नाही, राहते.” पुन्हा हशा. “सर, का राहते?” आता वाक्य स्वच्छ झालंय, आता तरी उत्तर येईल म्हणून मी उभा आहे. तुम्ही म्हणता, “बस खाली.”

मधल्या सुट्टीत तुम्ही व्हरांड्यात दुसऱ्या सरांना सांगत होता, “मले काय मालूम, काहून कोमट रायते ते! पोट्टं नुसतं डोकं खाते.” माझे कान तेव्हाही तिखट होते, सर.

तुम्हाला उत्तर येत नव्हतं याचा राग नाही. माझ्या मायची बोली तुमचीही होती, आणि तिच्याच आड तुम्ही लपलात, याचा आहे. पोरं मला ‘काहून्या’ म्हणू लागली. मॅट्रिकपर्यंत माझा हात पुन्हा वर गेला नाही. मी काही कलेक्टर झालो असतो असं म्हणत नाही. बोअर मारायच्या दोन गाड्या आहेत, मारेगावपासून मुकुटबनपर्यंत लोक मलाच बोलावतात, बाजारात माझ्या गप्पांना गर्दी होते. पण खुर्च्या ओळीत मांडलेल्या दिसल्या की हे तोंड बंद. हे तुमचं काम.

कालही तेच. मॅडमनी विचारलं, “कुणाला काही?” मला होतं. हात मांडीवरून हलेना. शेजारी बसलेली नात म्हणाली, “आबा, तुम्हाले विचाराचं हाय ना? मंग विचारा ना!” उठलो. “मॅडम, तो मधला चेहरा काहून लक्षात रायते? त्याची तं कोणाले ओढ नव्हती.” मागे कुणीतरी फिसकन हसलं, ते मी ऐकलं. मॅडम हसल्या नाहीत. “मेंदूत ओढीची जागा आणि आठवणीची जागा तेव्हा एकमेकींशी जास्त बोलतात, एवढं दिसतं. नेमकं कसं, ते मला माहीत नाही.” माहीत नाही. एवढंच म्हणायचं होतं, सर! मॅडमचं काही बिघडलं नाही. उलट चहाच्या वेळी मीच त्यांना शोधत गेलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, माझ्या खिशातच राहणार. जाता जाता एक सांगून टाकतो. बोअरच्या कामावर पुढं मला उत्तर कळलं. पाणी गरम होतच नाही. जमिनीच्या पोटात ते बारा महिने जवळपास सारखंच असतं, गार पडलेले असतो ते आपण. तुम्ही तेव्हा हयात होता. कुणाला सांगावं म्हटलं तर पहिले तुम्हीच आठवलात. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी नेली, आणि तिथं थांबून मनात वाक्य जुळवत बसलो, ‘राहते’ म्हणावं की ‘रायते’. ते काही ठरेना, म्हणून परत फिरलो.