तानुबाईचं ‘हो माय’

मु. सोनाळा, ता. संग्रामपूर

प्रिय तानुबाई,

सप्रेम जय भीम.

हे पत्र तुझ्या हातात नाही, समीक्षाच्या हातात पडेल हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी दोन शब्द तिच्याशी बोलते. समीक्षा बाळ, मी तुझ्या आजीची मैत्रीण, गोकर्णा आजी. विहाराच्या पुढचं घर तुमचं आणि मागचं माझं. हे पत्र तू मनातल्या मनात वाचून आजीला थोडक्यात सांगू नको. मोठ्यानं वाच. तुझी शाळा इंग्रजी, अडखळशील, तर अडखळ. मी अक्षर मोठं काढलं आहे. कागद पाठकोरे आहेत, मागे काय छापलं आहे तिकडे बघू नको. आणि एक कर. मधेमधे मी लाल टिकली चिकटवली आहे. माझं एक पाकीट तसंच राहिलं होतं, मला आता ते लागत नाही. टिकली आली की थांबायचं, आजीच्या तोंडाकडे बघायचं आणि मग पुढे जायचं. काऊन, ते शेवटी सांगते.

तर तानुबाई, इकडचं सगळं बरं आहे. सोयाबीनची सोंगणी संपत आली, बाया दिवस मावळल्यावर घरी येतात. तुझ्या अंगणातल्या शेवग्याला भल्ल्या शेंगा लागल्या. चार मी खाल्ल्या, बाकीच्या वाटल्या आणि ज्यांनी नेल्या त्यांना तुझं नाव सांगितलं. तुझ्या कुलपाला मधे तेल घातलं. मांजर अजून तुझ्याच ओट्यावर बसते. माझ्याकडे भाकर खाते आणि बसायला तुझ्याकडे जाते, तुझ्यासारखीच आहे. दीपमाला नांदुऱ्याला ये म्हणते. पोरीच्या सासरी दोन दिवस जीव रमतो, तिसऱ्या दिवशी आपण कोणाच्या तरी खुर्चीवर बसलो आहोत असं वाटतं. म्हणून गेले नाही.

दुसरं कारण म्हणजे वर्षावास. आषाढ पौर्णिमेला विहारात धम्माचा ग्रंथ उघडला, तो आश्विन पौर्णिमेपर्यंत वाचायचा, हे मी ह्या गावात सून म्हणून आल्यापासून चालू आहे. तेव्हा बायांमध्ये दहावी झालेली मी एकटी, म्हणून सासऱ्यांनी ग्रंथ माझ्यापुढे ठेवला. मोठ्यानं वाचून दुसऱ्याच्या कानी घालणं हेही दानच आहे, असं ते म्हणायचे. अन्नाचं दान संध्याकाळपर्यंत पुरतं, धम्माचं पुढेही उरतं. माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं? हे दान बिनखर्चाचं आहे म्हणून मला आणखीच आवडलं, ते तुला ठाऊक आहे, तू त्यावरून मला कितीदा चिडवलं आहेस.

टिकली आली. थांब, बाळ.

मी पहिल्यांदा वाचायला बसले तेव्हा एका दमात नुसती वाचत सुटले. बाया खाली मान घालून बसलेल्या, कोणाला कळतं आहे की नाही, काही समजेना. तेव्हा मागून, शेवटच्या चटईवरून आवाज आला, हो माय. तू होतीस. मजुरीवरून आलेली, पांढरं लुगडं नेसून, केसांना अजून निंदणातलं गवत चिकटलेलं. मी पुढचं वाक्य वाचलं, तू पुन्हा म्हणालीस, हो माय. मग मला कळलं की वाक्य कुठे संपवायचं, श्वास कुठे घ्यायचा. दुसऱ्या दिवशी मी तुला पुढच्या चटईवर बसवलं, ती जागा तू कधी सोडली नाहीस. तुला अक्षर येत नव्हतं, पण मी घाईत एखादी ओळ गाळली तर तुझं हो माय यायचं नाही. तू नुसती माझ्याकडे बघत बसायचीस. मग मी मुकाट्यानं मागे जायचे.

देवदत्ताची गोष्ट आठवते का? तो म्हणतो, भगवंत आता थकले, संघ माझ्या हाती द्या. मी वाक्य संपवलं आणि तू जोरात म्हणालीस, हो माय! सगळ्या बाया हसून लोटपोट झाल्या. तू एवढी चिडलीस की काय सांगू. म्हणालीस, “हसून काय राह्यल्या वं? मी आयकून राह्यली म्हनून हो म्हनते, त्याचं पटलं म्हनून नाही!” आणि विशाखा भिक्खूंना पावसाळ्याची वस्त्रं देते तिथे तू मधेच हात वर केलास, “आन् बायाइले?” मी म्हटलं, थांब, पुढे आहे. तू म्हणालीस, “मंग आधी ते वाच.” ग्रंथाचा क्रम मोडून मी भिक्खुणींच्या वस्त्रांचं आधी वाचलं, आजपर्यंत तिथे आल्यावर मी तसंच करते.

इथेही टिकली आहे. घाई करू नको. आजी हसते का बघ.

ह्या वर्षी विहारात नवीन गोष्ट झाली. भगवानरावांनी भोंगा बसवला. ते आपल्या कमिटीचे अध्यक्ष, माणूस वाईट नाही, काही करायची हौस आहे. त्यांनी कुठूनतरी सगळ्या ग्रंथाचं वाचन मोबाइलमध्ये आणलं, कोण्या बाईचा मोठा गोड आवाज आहे, एक अक्षर चुकत नाही. मला म्हणाले, “काकू, आता तुमी डोळ्याले तरास देऊ नका. लोकं घरी बसल्या बसल्या आयकतीन. पुन्य तेच.” खरंच, पहिल्या दिवशी साऱ्या वस्तीला ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशीपासून विहारात कोणी आलं नाही. येणार कशाला? भाकरी थापता थापता कानावर पडतं आहे, तिकडे टीव्ही चालू, इकडे भोंगा. ज्याचं त्याचं काम चालू.

मी जातच राहिले. भोंगा बंद झाला की मेणबत्ती लावते, अगरबत्ती लावते, वंदना म्हणते, तुझी चटई अंथरते आणि ग्रंथ उघडून वाचते. समोर कोणी नाही. एक दिवस दीपमालाचा फोन तेव्हाच आला, म्हणाली, “मम्मी, रिकाम्या विहारात तू कोनाले वाचून दाखवतं वं?” मी तिला रागावले आणि मग मलाच तो प्रश्न चिकटून बसला. ज्या दानाला घेणारं कोणी नाही, ते दान होतं का? भंतेजी आले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या कानांनी ऐकलं ना, मग झालं. मी हात जोडले, पण तानुबाई, तुला म्हणून सांगते, मन मानलं नाही. मी घरचा हिशेब लिहिणारी बाई. ह्या डब्यातली साखर त्या डब्यात ओतली तर किराणा आला असं मी लिहीत नाही. देणारी मी आणि घेणारीही मीच, तर मी दिलं काय?

आणि वाचताना मला श्वास घ्यायची जागाच सापडेनाशी झाली. वाक्य संपतं, मी थांबते, समोरून काही येत नाही. मग पुढचं वाक्य मागच्यावर चढतं. भोंग्यातल्या बाईसारखं. तिचं ऐकताना मला आधीपासून काय टोचत होतं ते तेव्हा ध्यानात आलं. ती कुठे थांबतच नाही. ती थांबलीच नाही, तर माणसानं हो माय म्हणायचं कुठे?

थांब इथे. जरा जास्त वेळ थांब.

वैशाखातलं मी लिहिणार नव्हते, पण समीक्षाला कोणी नीट सांगितलं नसेल. आजी नळावर भांडं भरत होती, भरता भरता खाली बसली आणि उठलीच नाही. तोंड एका बाजूला गेलं होतं, उजवा हात लोंबत होता. मी गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत गेले. रस्ताभर तोंडाला येतील त्या गाथा म्हणत होते आणि प्रत्येक गाथेनंतर थांबत होते, सवयीनं. ती टक लावून माझ्याकडे बघत होती, मी एखादी ओळ गाळल्यावर बघायची तशी. मी काय गाळलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. मग तुझा बाबा, रवी, आला आणि तिला तुमच्याकडे पुण्याला घेऊन गेला. बरोबरच केलं त्यानं. इथे कोण होतं करायला? मी होते, पण मी काही घरातली नव्हे.

तानुबाई, रोज वाचन झाल्यावर आपण पुण्यानुमोदन करायचो, आजचं पुण्य कोणाकोणाला लाभो त्यांची नावं घ्यायचो. मी घरातली गेलेली माणसं सांगायचे, मग तुझा नंबर. तुझा नवरा नारायणराव, त्याचं नाव आलं की तू हळूच माझ्या कानाशी म्हणायचीस, “त्याले थोडं कमीच देजो वं, त्यानं मले लय तरास देल्ला.” आणि घरी जाताना दारातून परत यायचीस, “जाऊ दे, पुरंच दे. तिकडं तरी सुधरन.” रोज कमी आणि रोज पुरं. ह्या वर्षी मी नावं घेते आणि त्याच्या नावापाशी अडते. किती द्यावं ते सांगायला तू नाहीस.

शेवटची टिकली. आता काऊन ते सांगते. मागच्या रविवारी रवीचा फोन आला होता. म्हणाला, “काकू, मायच्या तोंडातून एक शब्द निघत नाही. डॉक्टर म्हनतात तिले आयकू सगळं येते, समजतेबी. मी दिवसभर उशाशी मोबाइलवर वंदना लावून ठेवतो, पन ती भिंतीकडं तोंड करून घेते.” त्यानं मायेनं लावलं, त्याचा दोष नाही. पण मी फोन ठेवला आणि मला भोंगा आठवला. समीक्षा, म्हणून हे पत्र मी एवढं लांबवलं. ह्यातल्या बातम्या निमित्ताच्या आहेत. तुला थांबायची सवय व्हावी म्हणून टिकल्या आहेत. पत्रासोबत दुसरे कागद आहेत, त्यात ग्रंथाचं शेवटचं प्रकरण मी हातानं उतरवून दिलं आहे, प्रत्येक वाक्यापुढे टिकली, पाकीट संपलं तिथून पुढे कुंकवाचं बोट. ते प्रकरण मी इथे वाचलेलं नाही, वाचणारही नाही. पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, तू ते आजीपुढे बसून वाच आणि फोन माझ्याकडे चालू ठेव. मी विहारात आजीच्या चटईवर बसलेली असेन. एवढी वर्षं मी वाचणारी होते, ह्या खेपेला ऐकणारी होते. तू वाक्य संपवून थांबलीस की आधी आजीची वाट बघू. ती काही म्हणाली नाही, तर तिच्या वतीनं इथून मी म्हणेन, हो माय. तुझा आवाज चालेल, माझा हुंकार चालेल, घेणारी तिथे बसलेली आहे, म्हणजे दान पुरं झालं. तानुबाई, तुला बोलावंच लागेल असं नाही, माझ्यासाठी तर अजिबात नाही. तू फक्त भिंतीकडून तोंड इकडे कर. पण शेवटी पुण्यानुमोदनात नारायणरावांचं नाव मी घेईन आणि तिथे थांबेन. त्याला कमी द्यायचं की पुरं, हे मात्र मी तुझ्या वतीनं सांगणार नाही. कितीही वेळ लागू दे, फोन मी ठेवणार नाही.

तुझ्या चटईवर बसलेली,
तुझीच
गोकर्णा