पार्सलावाचून अडत नाही

२ नोव्हेंबर १९४४, इटली, कुठलासा डोंगर
कॅप्टननी तुकडीचं मनोधैर्य माझ्याकडे सोपवलं. योग्य निवड. पोरं दिवसभर अमेरिकेतल्या घरच्या कोकचं, घरच्या कॉफीचं, घरच्या च्युइंगमचं रडगाणं गातात. हा शुद्ध दुबळेपणा. दर रविवारी लेक्चर द्यायचं ठरवलं. विषय: आतलं बळ.

५ नोव्हेंबर
आमचा मुक्काम आहे त्या गोठ्यात लेक्चर झालं. अकराजण आले. बाहेर पाऊस होता आणि कोरडी जागा म्हणजे हाच गोठा, पण तो योगायोग. कॉर्पोरल लुबिन्स्कीनं विचारलं, "सार्जंट, आतल्या बळाबरोबर पीचचा एखादा डबा मिळेल का?" दुर्लक्ष केलं.

९ नोव्हेंबर
टपालाचा ट्रक आला. मला काही नाही. काही फरक पडत नाही. ट्रक दोनदा तपासला, कर्तव्य म्हणून.

१० नोव्हेंबर
लुबिन्स्कीच्या आईनं काकडीच्या लोणच्याची बरणी पाठवली. त्यानं सगळ्यांना एकेक फोड वाटली. आज न सांगता रायफली साफ झाल्या, कुणीतरी गातही होतं. लेक्चर पाच दिवसांनी अंगी लागलं म्हणायचं.

१६ नोव्हेंबर
पुन्हा ट्रक. पुन्हा काही नाही. मजेत आहे. सूप पातळ होतं म्हणून आचाऱ्यावर ओरडलो, मग स्वतःच्याच बुटांवर. लुबिन्स्की म्हणाला, "सार्जंट, तुमचं मनोधैर्य कोण बघतं?" आगाऊपणा. त्याला बटाटे सोलायला बसवलं.

१९ नोव्हेंबर
लेक्चर रद्द. घसा.

२१ नोव्हेंबर, दुपार
आईचं पार्सल आलं. गोठ्यात नेऊन दार लावलं, तपासणीसाठी. आईनं ओटची बिस्किटं आणि अंगाचा साबण एकाच डब्यात भरलेत. सहा आठवड्यांच्या प्रवासात बिस्किटं साबणच झाली. एकोणीस होती, सगळी खाल्ली. वाटली असती, पण पोरांच्या पोटाची काळजी. डोळ्यांतून पाणी आलं. साबण तिखट असावा.
दाराला फट आहे, हे उशिरा कळलं.

२२ नोव्हेंबर
कॅप्टननी बोलावलं. म्हणाले, तुकडी उत्तम आहे, एकच माणूस खचलाय. नाव घेतलं नाही. माझ्याकडेच बघत होते. मनोधैर्याचं काम आजपासून लुबिन्स्कीकडे. मला वाईट वाटलं नाही, कामाचा बोजा होताच.
लुबिन्स्कीनं पहिलं काम म्हणून माझ्या आईला पत्र लिहायला घेतलं: साबण वेगळा बांधा, आणि जरा लवकर पाठवा.
मी विरोध केला.
पत्ता मात्र मीच लिहून दिला, ठळक अक्षरांत.