आधी घंटा, मग भार

प्रिय दादा,

रिपोर्टांसोबतची तुझी चिठ्ठी मिळाली. ‘खबरदारी घे, बाबांना काही कळू देऊ नकोस.’ वाचून डोकंच फिरलं माझं. शब्दकोशाच्या कचेरीत दिवसभर शब्दांची सालं सोलणारी मी, आणि मलाच हा शब्द ऐकवतोस! अरे, खबर म्हणजे बातमी. मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेली. दार म्हणजे बाळगणारा. दुकानदाराकडे दुकान, तशी खबरदाराकडे खबर. ज्याला आधी कळलंय, तोच पुढची काळजी घेणार ना? तू बाबांच्याच पोटातल्या गाठीची खबर बाबांपासून काढून घेतलीस आणि वर म्हणतोस खबरदारी. याला सरळ मराठीत लपवाछपवी म्हणतात.

आईच्या वेळीही तू आणि काकांनी हेच केलंत. डॉक्टरांनी हात टेकले तरी तिला ‘साधा अशक्तपणा’ सांगत राहिलात, मलाही तेच. मावशीशी तिचा अबोला होता. बरी झाले की जाऊन मिटवते, म्हणायची बिचारी. ते राहूनच गेलं. मावशी अजून त्यावरून रडते.

कारखान्यात बाबांना डबा द्यायला जायचो, आठवतं? क्रेननं भार उचलण्याआधी ते घंटा वाजवायचे आणि खालचा प्रत्येक माणूस वर बघेपर्यंत थांबायचे. एकदा साहेब तडकले, कामाचा खोळंबा होतो म्हणून. बाबा क्रेनच्या केबिनमधून खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, “ज्याच्या डोक्यावरून भार जाणार, त्याला आधी कळायला हवं.” कोशात खबरदारीचा याहून चांगला अर्थ मला अजून लिहिता आलेला नाही. आणि अशा माणसासाठी तू घंटेला फडकं गुंडाळून बसलास! लाज कशी वाटली नाही रे?

आता चिडायचं तर चीड. काल चहा घेताना मी बाबांना सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशनमधला धोका, तू दडवलंस तेसुद्धा. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “घंटा वाजवायला फार उशीर केलात रे पोरांनो.” ऑपरेशन करायचं की नाही, हे त्यांनी ठरवलंय, पण मला सांगत नाहीत. आधी तुला सांगायचंय, तेही समोर बसवून. फोनवर तू धीर द्यायला खोटं बोलशील म्हणतात. मावशीलाही त्यांनी स्वतःच कळवलंय. तेव्हा कारणं न सांगता ये. ते दाराकडे बघत बसलेत.

रागावलेली, तरी तुझीच,
फटाकडी