तो घरी कसा गेला?

सर,

रविवारी सकाळी सातपूरच्या त्या एका पडद्याच्या थिएटरात जुने सिनेमे बघायला येणारे आम्ही सगळे तुमच्यावर रागावलेलो आहोत. गाऱ्हाणं एकच आहे. तुम्ही गेलात आणि जाताना आमचा न कळण्याचा हक्क बरोबर घेऊन गेलात. आता इतकी वर्षं झाली की पडदासुद्धा दोनदा बदलला, पण हा राग काही जुना होत नाही.

तुमची पद्धत नव्या माणसाला विचित्र वाटायची. सिनेमा सुरू होण्याआधी तुम्ही पुढे येऊन तो कुठल्या देशाचा आहे एवढंच सांगायचात आणि मागे वळून म्हणायचात, "दिवे घालवा." सिनेमा संपला, दिवे लागले की पुन्हा पुढे येऊन विचारायचात, "कुणाला कळलं नाही?" ज्याला कळलं नाही त्यानं आधी बोलायचं. कळलेल्यांनी शेवटी, वेळ उरला तर. वेळ कधी उरायचा नाही. मी एकदा चिडून विचारलं होतं की हा कसला नियम. तुम्ही डस्टरचा खडू झटकावा तसा हात झटकलात आणि म्हणालात, "कळलेले बोलायला लागले की न कळलेले घरी जातात."

तो नावाड्याचा सिनेमा आठवतो का? मी कॉलेजात आहे, वक्तृत्वाचे दोन कप घरात शोकेसवर आहेत, आणि त्या रविवारी पहिल्यांदाच आईला घेऊन आले आहे. आई नामपूरकडची. लग्न होऊन आमच्या बुद्धविहारामागच्या कॉलनीत आली, कंपनीत पॅकिंगला लागली, पण तोंडातली अहिराणी तिनं सोडली नाही. आजूबाजूला नाइट शिफ्ट उरकून आलेली माणसं बसली आहेत, तेलाचा वास आहे, पंखे कुरकुरत आहेत. सिनेमात बोलणं मोजकंच, तेही परक्या भाषेतलं. तुम्ही पडद्याच्या कडेला उभं राहून ते मराठीत सांगता आहात. एक म्हातारा नावाडी आयुष्यभर गावाला नदीपार नेतो. मग पूल होतो. तो शपथ घेतो की या पुलावर पाय ठेवणार नाही. शेवटी एक दिवस तो रिकामी नाव एकटाच वल्हवत पैलतीराला नेतो, तिथं खुंटाला बांधतो आणि तिच्याकडे पाठ करतो. पुढच्या दृश्यात तो ऐलतीरावरच्या आपल्या घरात जेवायला बसलेला. संपला सिनेमा.

माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. यंत्र, श्रम, माणसाचं परकेपण, सगळं. तुम्ही विचारलंत, "कुणाला कळलं नाही?" आणि माझ्या शेजारची खुर्ची खाडकन वर झाली. आई उभी होती.

"माले नही समजनं. नाव तिकडे बांधी दिन्ही. मंग तो घर कसा गया?"

लोक हसले. माझे कान तापले. मी उठून म्हणाले, "आई, नाव हे तिथं प्रतीक आहे..." आणि तुम्ही मला तिथंच तोडलंत. "तू बस. तिला प्रतीक नकोय. तिला माणूस घरी पोचवायचाय."

मग थिएटर बोलायला लागलं. कुणी म्हणालं, पोहत गेला असेल. "या वयात? थंडीत? मरंल की तो." "मग कपडे सुके कसे?" "बदलले असतील, बायको असेल घरी." "बायको गेली ना सुरुवातीलाच, झोपला होता का तू?" "नाइट केलीय दादा, डुलकी लागली." हसणं चाललं होतं आणि त्या हसण्यातच एकानं हळू आवाजात सांगितलं, "पुलावरून गेला असंल." सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. कारण दुसरा रस्ताच नव्हता, आणि ते आईनं विचारेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा मागच्या रांगेतून एक जाडजूड, मिशीवाले काका उठले. आमच्याच कॉलनीतले. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "संपात आम्ही शपथ घेतली होती, आत जायचं नाय. पोरगी आजारी पडली. मी गेलो गेटातून. डायरेक्टरनं ते चालणं दाखवलं नाय, लय बरं केलं." आणि ते खाली बसले. त्यांना कुणी धीर दिला नाही, दोषही दिला नाही. तुम्ही म्हणालात, "चहा घेऊ या."

त्या दिवशी मी तुमच्यावर खूप रागावले होते. माझं भाषण वाया गेलं होतं.

आता आजचं सांगते. तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी लोक म्हणाले, ताई, दोन शब्द बोला. मी बोलले. लोक रडले. पुढच्या रविवारी पुन्हा दोन शब्द, मग त्याचा अर्धा तास झाला, मग लोक माझं नाव बघून यायला लागले. सर, मला बोलता येतं. जयंतीच्या स्टेजवर मी बोलायला उभी राहिले की मागची पोरं डीजे बंद करतात. बोलण्यानं माणूस बदलतो यावर माझा विश्वास आहे आणि तो मी सोडणार नाही. पण थिएटरात काय होतं ते मान्य करायचं मी रोज टाळते आहे. माझं बोलणं संपतं, टाळ्या पडतात, दिवे जातात आणि अंधारात खुर्च्या खाडखाड वर व्हायला लागतात. दाराचा पडदा सारला जातो, उजेडाची पट्टी सिनेमावर पडते, एक माणूस बाहेर, मग दुसरा. सिनेमा काय आहे, त्याचा अर्थ काय, शेवटी रडायचं की संतापायचं, हे मी आधीच सांगितलेलं असतं. त्यांचं काय चुकलं? जे थांबतात त्यांना मी दिवे लागल्यावर विचारते, कुणाला कळलं नाही? सगळ्यांना कळलेलं असतं. या शहरात आता सगळ्यांना सगळं कळतं. खिशातून फोन काढला की मत तयार मिळतं. "मला कळलं नाही" असं चारचौघांत म्हणण्याइतका धीट माणूस मला कित्येक रविवारांत भेटलेला नाही.

मागच्या आठवड्यात मालकांच्या मुलीनं मला ऑफिसात बोलावलं. थिएटर आता तीच बघते, आणि जुने सिनेमे अजून लागतात ते तिच्याच हट्टामुळे. चहा मागवून म्हणाली, "ताई, राग मानू नका. लोक तुमच्यासाठी येतात. पिक्चर सुरू झाला की पार्किंग रिकामं. मग पिक्चर कशाला? रविवारी नुसतं तुमचं व्याख्यान ठेवू. बोर्डावर तुमचा मोठा फोटो."

"आणि सिनेमा?"

"बघणारे घरी बघतील ना. या रविवारी सांगा मला."

मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, विचार करते. आणि खरोखर विचार केला. घरी येईपर्यंत पहिल्या तीन व्याख्यानांचे विषयही ठरले.

आई ओट्याशी भाकरी थापत होती. तिनं थिएटरला यायचं केव्हाच सोडलंय, मला वाटायचं गुडघ्यांमुळे. मी तिला व्याख्यानांचं सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं शे. तसंबी तू पहिलेच सगळं सांगी देस. मंग मी काय देखू?"

"म्हणून येत नाहीस तू?"

"गुडघा बी दुखतस," ती म्हणाली. माझी लाज राखायला.

मग मी विचारलं, तो नावाड्याचा सिनेमा पुन्हा लावला तर येशील का. तिचा हात थांबला. "तो घर कसा गया, ते आजून कोनी सांगं नही." आणि थोड्या वेळानं, "येसू. पन तू माईक धरा तं मी निघी जासू."

म्हणून हा कागद घेऊन बसले होते. रविवारची प्रस्तावना लिहायची होती, शेवटची का होईना. लिहिता लिहिता ती तुमच्या नावानं झाली. ही तुम्हाला धाडायची कुठे? आणि वाचून दाखवली तर तेही भाषणच होईल. ती पर्समध्येच राहील. मालकांच्या मुलीला उत्तर मी सिनेमा संपल्यावर देणार आहे, आधी नाही. त्या वेळी खुर्च्यांवर किती माणसं उरली असतील याची मला भीती वाटते.

एक सांगायचं राहिलं. आईला प्रतीक समजावायला उठले होते तेव्हा, तो घरी कसा गेला हे मलाही कळलं नव्हतं. आजही कळलेलं नाही. पुलावरून गेला हे कळतं. त्या पुलावर पहिलं पाऊल त्यानं कसं टाकलं, ते नाही. या रविवारी दिवे लागले की पहिला हात माझा असेल.

पण त्याआधी माझा भरवसा नाही, सर. माईक समोर दिसला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. तेव्हा रविवार सकाळवाल्यांनो, हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नसला तरी तुम्हीच एक करा. मी पुढे जायला निघाले की मागच्या रांगेतून, सर म्हणायचे तसंच, मोठ्यानं म्हणा: दिवे घालवा.